पातळ पत्रा उष्णता धरत नाही

कळंबोलीच्या पोलाद बाजारात पत्रा घ्यायला गेलात की दुकानदार आधी विचारतो, ‘एचआर देऊ की सीआर?’ एचआर म्हणजे तापवून लाटलेला. तो निळसर-काळा असतो, अंगावर खपली असते आणि जाडी थोडी इकडेतिकडे असते. सीआर म्हणजे थंड असताना लाटलेला. तो राखाडी, गुळगुळीत आणि मायक्रोमीटरला पक्का. घरातलं कपाट, फ्रिजचं अंग, मोटारीचा दरवाजा सीआरचा. ट्रकची चासी, गॅसचा सिलिंडर एचआरचा. पत्र्याच्या धंद्यात असलेल्या माणसाला हा फरक अंधारातसुद्धा बोटांनी कळतो.

माझी नोकरी खोपोलीच्या बाजूला एका सीआर मिलच्या तपासणी विभागात झाली. काळ्या कॉइली दारात यायच्या, ॲसिडच्या टाक्यांतून जाऊन खपली टाकायच्या, रोलच्या जोड्या बसवलेल्या स्टँडमधून पातळ होऊन निघायच्या. मग घंटेच्या आकाराच्या भट्ट्यांखाली संरक्षक वायूत तापत बसायच्या आणि शेवटच्या हलक्या दाबाने सपाट होऊन बाहेर पडायच्या. कडेला लाट आली आहे का, मधे पोट आलं आहे का, जाडी मापात आहे का, हे बघण्यात माझी उमर गेली. त्या कामातूनच पत्र्याच्या इतिहासाची ओढ लागली. पुस्तकांतून एक वाक्य सारखं भेटतं: गरम लाटण आकारासाठी, थंड लाटण सफाईसाठी. फार मोठा काळ ते खरंही होतं. पण विसाव्या शतकात थंड रोलचं काम मुळापासून बदललं आणि त्या बदलात हजारो माणसांचं आयुष्य उलटंपालटं झालं. हा लेख त्या बदलाबद्दल आहे.

आधी धातूचं म्हणणं ऐकू. धातूचा कुठलाही तुकडा बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. रोलखाली हे कण चेपतात, लांबतात आणि धातू कडक होत जातो. तापमान पुरेसं असेल तर चेपलेल्या कणांच्या जागी नवे कण उगवतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. या तापमानाच्या वर लाटलं तर गरम, खाली लाटलं तर थंड; हाताला काय लागतं याच्याशी त्याचा संबंध नाही. शिशाचे कण घरातल्या तापमानालाच नव्याने बनतात, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी लाटलेलं शिसंसुद्धा धातुशास्त्राच्या हिशेबाने गरम लाटलेलंच. उलट टंगस्टन हजार अंशांवर लाल असताना ओढला तरी ते थंड काम. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीतले कारागीर हे पिढ्यान् पिढ्या जाणून आहेत. ठोके घालता घालता तांबं कडक झालं की ते भट्टीत तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायला बसायचं. आमच्या मिलमधल्या अनीलिंगच्या भट्ट्या हेच काम करत होत्या, फक्त टनांनी.

आजच्या पोलाद कारखान्यात २०० ते २५० मिलिमीटर जाडीचा स्लॅब साधारण १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी खपली उडवतात, आणि एकामागून एक उभ्या असलेल्या स्टँडमधून नेऊन त्याची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी करतात. तिची गुंडाळी म्हणजे एचआर कॉइल. ॲसिडने साफ करून तीच थंड मिलमध्ये जाते आणि डब्याच्या पत्र्यासाठी ०.२ मिलिमीटरपर्यंत उतरते.

इथे कुणाही विचारी माणसाला प्रश्न पडेल. तापलेलं पोलाद जर इतकं मऊ, तर गरम असतानाच ते कागदाइतकं पातळ का करून घेऊ नये? थंड पोलादाशी झगडायचं कशाला?

कारण पातळ पत्रा उष्णता धरत नाही. पत्र्यात उष्णता साठते ती त्याच्या जाडीच्या प्रमाणात. ती निघून जाते मात्र दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागातून. जाडी निम्मी झाली की निवण्याचा वेग दुप्पट होतो. मिलिमीटरच्या खाली आलेला लालभडक पत्रा रोलला टेकतो न टेकतो तोच काळा पडतो. पुन्हा भट्टीत घालावा तर खपली त्याला खात राहते, आणि आधीच पातळ असलेल्या पत्र्यातून ती किती खाऊ द्यायची? या एका अडचणीने अडीचशे वर्षं पत्र्याच्या धंद्याची घडण ठरवली. ती सगळ्यात स्पष्ट दिसते कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यात, म्हणजे डब्याच्या पत्र्यात.

सतराव्या शतकात हा पत्रा सॅक्सनीत बनायचा, तोही पाणचक्कीवरच्या हातोड्यांखाली ठोकून. १६६० च्या दशकात अँड्र्यू यॅरंटन नावाचा इंग्रज गृहस्थ ती कला बघायला तिकडे जाऊन आला. हातोड्याच्या जागी रोल आले ते वेल्समध्ये, पाँटिपूल गावी. तिथे मेजर जॉन हॅनबरी तापलेलं लोखंड पाण्यावर चालणाऱ्या रोलमधून काढून पातळ पत्रे करतो, अशी नोंद एडवर्ड लुइड या विद्वानाने १६९७ साली एका पत्रात केली आहे. रोलिंगचा इतिहास सांगताना पुस्तकं सहसा हेन्री कॉर्टपासून सुरुवात करतात. त्याचं खाचांच्या रोलचं पेटंट १७८३ सालचं. कॉर्टने सळ्या आणि पट्ट्या लाटण्याचा वेग वाढवला, हे खरं. पत्र्याची वाट मात्र त्याच्या बरीच आधी पाँटिपूलमधून निघाली होती.

पुढच्या दोन शतकांत दक्षिण वेल्समधली लानेली, स्वानसी, नीथ ही गावं या पत्र्यावर जगू लागली. लानेलीला तर लोक ‘टिनोपोलिस’ म्हणत. तिथल्या हात-मिलचं काम तपशिलात समजून घेतलं की उष्णतेची अडचण माणसांच्या अंगावर कशी उतरली ते दिसतं.

सुरुवात पाव ते अर्धा इंच जाडीच्या पोलादी पट्टीच्या तुकड्याने व्हायची. तो लाल करून रोलमधून काढला की लांब पत्रा व्हायचा. एका हद्दीपलीकडे तो एकटा लाटता येत नसे, कारण निवायचा. म्हणून मधोमध दुमडून दुहेरी करायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा लाटायचा. मग चौहेरी, मग आठ पदरी. आठ पदर मिळून जाड गठ्ठा झाला की तो उष्णता धरतो, आणि गठ्ठा लाटला की आतला प्रत्येक पदर पातळ होतो. घडीची पोळी करताना तेल-पीठ लावून दुमडतात, लाटतात आणि तव्यावर पदर सुटतात, तसंच हे. इथे तेल-पिठाचं काम पदरांमधली खपली करायची. ती नीट नसली की पदर एकमेकांना चिकटून बसत.

एका मिलवर चौघांची मुख्य टोळी असे. समोर रोलर, म्हणजे टोळीचा मुख्य. मागच्या बाजूला ‘बिहाइंडर’, बहुतेक वेळा तरुण पोर. त्याने बाहेर आलेला पत्रा चिमट्यात धरायचा आणि वरच्या रोलवरून पुढे परत द्यायचा, कारण रोल एकाच दिशेने फिरायचे. तिसरा डबलर. तापलेला पत्रा चिमट्याने उचलून, पायाने दाबून दुमडणं हे त्याचं काम. चौथा भट्टीवाला. पायात लाकडी तळव्याचे जोडे, कमरेला आडवं फडकं, गळ्यात घाम पुसायचा रुमाल. आठ तासांच्या पाळीत अंगातून इतकं पाणी जायचं की पिण्याची सोय मिलच्या शेजारीच ठेवावी लागे.

गठ्ठा कातरून बाहेर आला की बायकांचं काम सुरू. त्यांना ‘ओपनर’ म्हणत. हातात शिसं बसवलेला चामडी पंजा आणि आखूड कोयत्यासारखं हत्यार घेऊन त्या चिकटलेले पदर सोडवायच्या. कडा सुरीसारख्या धारदार असत. मग पत्रे ॲसिडमध्ये धुऊन, बंद पेट्यांत तापवून मऊ करून थंड रोलकडे जात.

हे थंड रोल जाडी उतरवत नसत. एकेक पत्रा दोन-तीन जोड्यांमधून काढायचा, तो सपाट आणि चकचकीत व्हावा म्हणून, पुढे कथिल सारखं बसावं म्हणून. हे काम हलकं समजलं जाई. ते मुली आणि पोरांकडे असे आणि त्याची मजुरीही तशीच. जाडी उतरवण्याचं जीवघेणं काम गरम बाजूला, पुरुषांच्या हातात. झिलई थंड बाजूला, मुलींच्या हातात. गरम आणि थंड यांतली रेषा अशी मजुरीच्या चोपडीतही उमटली होती. थंड रोलने पत्रा कडक व्हायचा म्हणून पुन्हा एकदा तापवून मऊ करत, पुन्हा सौम्य ॲसिडमध्ये बुडवत आणि शेवटी पाम तेल आणि वितळलेल्या कथिलातून काढत.

या धंद्यातला एक आकडा माझ्या मनात कायमचा रुतला आहे: ३६ पेट्या. एका पेटीत २० इंच बाय १४ इंचांचे ११२ पत्रे, नेहमीच्या जातीचं वजन १०८ पौंड. म्हणजे पत्रा साधारण ०.३ मिलिमीटर जाड. एका टोळीने एका पाळीत ३६ पेट्यांपेक्षा जास्त माल काढायचा नाही, असा वेल्सच्या कामगारांचा दंडक होता. मालकांना तो खुपायचा. पण त्या उष्णतेत माणसाचं अंग किती काळ टिकेल, कुणाची भाकरी जाऊ न देता काम किती जणांत वाटता येईल, याचा तो कामगारांनी स्वतः लावलेला हिशेब होता. धातूच्या इतिहासात असा हिशेब नोंदलेला फार कमी दिसतो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

वेल्सचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. मॅकिन्ले कायद्याने १८९१ च्या जुलैपासून तिथे या पत्र्यावर पौंडामागे २.२ सेंट जकात बसली. वेल्समधल्या मिल बंद पडू लागल्या, आणि कित्येक रोलर, डबलर बोचकं बांधून त्याच अमेरिकेत गेले. तिथल्या नव्या कारखान्यांना त्यांचे हात हवेच होते. कला माणसांबरोबर गेली. पद्धत तीच राहिली: दुमडा, तापवा, लाटा, सोडवा.

ती भारतातही अशीच आली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी रॉकेल चार गॅलनच्या चौकोनी डब्यातून गावोगाव जायचं. डबा रिकामा झाला की त्यातून पाणी आणलं जाई, धान्य साठे, तुळस लागे, आणि शेवटी उलगडून तो पडवीच्या छपरावर चढे. कोकणातल्या आणि देशावरच्या जुन्या घरांत हा पत्रा वर्षानुवर्षं टिकला. पहिल्या महायुद्धापर्यंत तो परदेशातून यायचा. युद्धात जहाजांचा भरवसा राहिला नाही, तेव्हा बर्मा ऑइल आणि टाटा यांनी मिळून १९२० साली टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया काढली. जमशेदपूरजवळ गोलमुरीला, टाटांच्या पोलादाच्या शेजारी, १९२२ च्या अखेरीस उत्पादन सुरू झालं. हात-मिल वेल्ससारख्याच, शिकवायला वेल्समधून आणलेले कारागीर. फरक एवढाच, की ज्या कामाने वेल्सच्या थंडीतही माणूस घामाने निथळायचा, ते आता छोटा नागपूरच्या मे महिन्यात करायचं होतं.

१९२९ साली गोलमुरीच्या कामगारांनी संप केला आणि तो महिनोन् महिने चालला. सुभाषचंद्र बोस त्यांच्या पाठीशी उभे राहिले. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात या संपाला एखादी ओळ मिळते. पत्र्याच्या इतिहासात तीही मिळत नाही. पण भट्टीसमोर दुमडलेल्या प्रत्येक पदरात ती माणसं होती. तंत्र कळल्याशिवाय त्यांचा संप कळणार नाही, आणि संप वगळून सांगितलेलं तंत्र अर्धवटच राहील.

गोलमुरीच्या हात-मिल नव्या असतानाच अमेरिकेत त्यांचा काळ संपवणारी गोष्ट घडत होती. जॉन टायटस हा ओहायोतल्या कागदगिरणीवाल्या घराण्यातला मुलगा. कागद रोलमधून अखंड वाहत निघतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. पोलाद कंपनीत साधा मजूर म्हणून लागल्यावर, एकेक पत्रा इतक्या वेळा हाताळताना बघून त्याला प्रश्न पडला की लोखंडही असंच अखंड का वाहू नये. अडचण अशी की लांब पट्टी रोलमधून जाताना बाजूला सरकते. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलं, की पट्टी मधे किंचित जाड ठेवायची आणि स्टँडगणिक तो फुगवटा बेताने कमी करत न्यायचा. मग ती सरळ चालते. केंटकीतल्या ॲशलंडला त्याची मिल १९२४ साली चालू झाली. दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी कोलंबिया स्टीलची मिल आली. तिथे पट्टीला भिडणारे रोल बारीक होते, आणि ते वाकू नयेत म्हणून त्यांच्या वर-खाली जाडजूड आधाराचे रोल होते. आमच्या मिलमधले स्टँड त्याच घडणीचे होते.

आता नीट बघा काय झालं. गरम पट्टी अखंड, वेगाने येऊ लागली, पण उष्णतेची अडचण जागची हलली नव्हती. दीड-दोन मिलिमीटरच्या खाली तिला गरम ठेवणं कठीणच. तेव्हा कारखानदारांनी गरम लाटण तिथेच थांबवलं आणि उरलेली जाडी थंड बाजूला ढकलली. थंड पोलादाला चेपायला प्रचंड जोर लागतो. तो आता विजेच्या मोटारी देत होत्या. पट्टी लांब असल्यामुळे तिला पुढून-मागून ताण देता येत होता, त्यानेही रोलवरचा भार हलका झाला. चार-पाच स्टँडमधून एका दमात जाडी एकदशांशावर येऊ लागली. जे थंड रोल आधी मुलींच्या हाताखाली नुसती झिलई करत होते, ते आता मुख्य काम करू लागले. दुमडणं गेलं, पदर गेले, ओपनर गेल्या, डबलर गेला.

किती गेलं याचा मी एकदा कागदावर हिशेब मांडला. ३६ पेट्या म्हणजे सुमारे पावणेदोन टन, एका टोळीची आठ तासांची मेहनत. ९०० मिलिमीटर रुंद आणि ०.२ मिलिमीटर जाड पट्टी थंड मिलमधून सेकंदाला २० मीटर वेगाने निघत असेल, तर सेकंदाला सुमारे २८ किलो पत्रा होतो. पावणेदोन टनांना लागतो साधारण एक मिनिट. माझ्या टेबलावरून अशा मिनिटांमागून मिनिटं गेली. वेल्सचा हिशेब कळल्यापासून त्या वेगाकडे मी कधीच सहज पाहू शकलो नाही.

वेल्सला हे वादळ घरी आणावंच लागलं. रिचर्ड थॉमस कंपनीने १९३८ साली एबू व्हेल इथे युरोपातली पहिली अखंड गरम पट्टी मिल उभारली. कंपनीच्या मनात ती इंग्लंडमध्ये लिंकनशरला उभारायची होती. एबू व्हेलच्या भयाण बेकारीमुळे ती तिथे आली. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला आणि कथिल दुर्मीळ झालं, तसा विजेने कथिलाचा अतिपातळ थर चढवण्याचा मार्ग झपाट्याने पसरला. त्याला लागणारा एकसारखा पत्रा थंड मिलच देऊ शकत होती. १९५१ मध्ये लानेलीच्या ट्रॉस्ट्रेला आणि १९५६ मध्ये स्वानसीजवळ वेलिंद्रेला थंड लाटणाचे मोठे कारखाने सुरू झाले. दशकाच्या अखेरीपर्यंत हात-मिलचं युग जवळपास संपलं. किडवेलीला १७३७ साली सुरू झालेल्या जुन्या कारखान्याच्या जागी त्या मिलची यंत्रं जतन केली गेली, हे फार चांगलं झालं.

आपल्याकडे रुंद पट्टीचं युग जर्मन सहकार्याने उभ्या राहिलेल्या रूरकेलात १९६० च्या सुमारास आलं. मग १९७० च्या दशकात सोव्हिएत मदतीचं बोकारो. तिथल्या काळ्या कॉइलींवर पुढे मुंबईभोवती, खोपोली, वासिंद, तारापूरच्या पट्ट्यात सीआर मिल वाढल्या. माझ्यासारख्यांचे संसार त्यांनी चालवले. आणि वेल्सकडून कला शिकलेल्या जमशेदपूरच्या टाटांनी २००७ साली कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली, तेव्हा ट्रॉस्ट्रेही त्यांच्याकडे आलं. त्यांच्याच वेल्समधल्या पोर्ट टॅलबटची शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये विझली, आणि एका वेल्श गावातल्या कामगारांचा प्रश्न मुंबईच्या मुख्यालयातला प्रश्न बनला.

गरम आणि थंड यांतली रेषा आता पुन्हा हलते आहे, आणि आपल्या रायगड जिल्ह्यातच. धरमतर खाडीकाठच्या डोलवीला पातळ स्लॅब ओतणारा कारखाना आहे. या पद्धतीची पहिली व्यापारी मिल अमेरिकेत क्रॉफर्ड्सव्हिलला १९८९ साली सुरू झाली. यात स्लॅब मुळातच पन्नासेक मिलिमीटरचा ओततात. तो निवू न देता लांब बोगद्यासारख्या भट्टीतून थेट रोलपाशी नेतात. पट्टीची उष्णता सगळीकडे सारखी राहते, म्हणून गरम लाटण मिलिमीटरभर जाडीच्या आसपास पोचू शकतं. काही कामांत असा पातळ एचआर सीआरची जागा घेतो. मग मधली ॲसिडची टाकी, थंड स्टँड, भट्टी आणि तिथली नोकरीही वगळली जाते.

म्हणून माझ्या मुलांच्या वयाच्या इंजिनिअरांना माझं एकच सांगणं आहे. गरम की थंड हे धातूचे कण ठरवतात, पण कुठवर गरम आणि कुठून थंड, हे दर काळात यंत्र, भांडवल आणि कामगार यांच्या ओढाताणीत ठरत आलं आहे. ती रेषा हलली की एका बाजूचं कसब एका पिढीत निरुपयोगी होतं, आणि ते कसब असलेल्या माणसांना कुणी विचारत नाही. मराठीत पत्र्याचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा मोटारींची अश्वशक्ती आणि स्टँडची संख्या त्यात जरूर असावी. त्याच पानावर डबलर, ओपनर, गोलमुरीचा संप आणि ३६ पेट्यांचा दंडकही असला पाहिजे, कारण डोलवीतली पुढची रेषा आखणाऱ्यांना तो आकडा माहीत असणं गरजेचं आहे.